कमांड लाइनवरील एआय सहायकाच्या प्रायोगिक सुविधा कार्यालयाच्या कामात वापराव्यात का?

प्रश्न — यार्ड_हिशेब

सर्वांना नमस्कार.

राजारामपुरीत आमचे चार जणांचे सॉफ्टवेअर कार्यालय आहे. शाहू मार्केट यार्डातील काही गूळ व्यापाऱ्यांसाठी आम्ही हिशेबाची प्रणाली तयार केली असून तिची देखभालही आमच्याकडेच आहे. सौदा झाला की वकलाचे (एकत्र विकल्या जाणाऱ्या मालाच्या ढिगाचे) वजन, दर, हमाली आणि तोलाई यांवरून शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) या प्रणालीतून निघते, आणि त्याच नोंदींवरून व्यापाऱ्याची खतावणी व जीएसटीची विवरणे तयार होतात. कोड पायथनमध्ये आहे, डेटाबेस पोस्टग्रेसचा आहे आणि आम्हा सर्वांच्या संगणकांवर उबुंटू आहे.

गेले काही महिने आम्ही टर्मिनलवर गिटहब कोपायलट सीएलआय हा एआय सहायक वापरतो. आजवर आमची पद्धत साधी होती: सहायकाने एखादी फाइल बदलण्याची किंवा कमांड चालवण्याची परवानगी मागितली की समोर बसलेल्याने ती वाचायची आणि मगच होकार द्यायचा. अलीकडे आमच्या एका तरुण सहकाऱ्याने दोन डॅश लावून एक्सपेरिमेंटल हा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) देऊन सहायक सुरू केला आणि त्यातील ऑटोपायलट मोडमध्ये अहवालांचा एक जुना, गुंतागुंतीचा भाग नव्याने लिहून घेतला. काम झटपट झाले हे मान्य करावेच लागेल. आता उरलेल्या दोघांनाही तेच हवे आहे, आणि निर्णय माझ्यावर येऊन ठेपला आहे.

माझ्या शंका अशा आहेत. एक तर, प्रायोगिक मोड सुरू केल्याने नेमके काय सुरू होते आणि त्यात सहायकाला काहीही करण्याची मोकळीक आपोआप मिळते का, हे मला स्पष्ट झालेले नाही. दुसरे, सहकारी सांगतो की त्याने तो फ्लॅग एकदाच दिला होता, तरीही पुढच्या प्रत्येक वेळी मोड सुरूच राहिला. हे असेच अपेक्षित आहे की त्याच्या संगणकावर काही बिघडले आहे? आणि तिसरे म्हणजे, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांपासून आमच्या ग्राहकांचा हंगाम सुरू होतो आणि त्या काळात पट्टीत एक रुपयाची चूकही खपत नाही, त्यामुळे अशा सुविधा वापरायच्याच झाल्या तर चार माणसांच्या, स्वतंत्र सर्व्हर-व्यवस्थापक नसलेल्या कार्यालयाला झेपेल अशी व्यवस्था कोणती, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे.

उत्तर — उद्यमनगर_टर्मिनल

नमस्कार. आपल्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत, आणि बहुतेक ठिकाणी गोंधळ तिथेच होतो, म्हणून आधी त्या सोडवून घेतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रायोगिक मोड. त्याचा अर्थ एवढाच की अजून घडणीत असलेल्या सुविधा तुम्हाला दिसू लागतात. त्यांचे वर्तन पुढच्या आवृत्तीत बदलू शकते, त्यांचे नाव बदलू शकते किंवा त्या काढूनही टाकल्या जाऊ शकतात. दुसरी गोष्ट म्हणजे ऑटोपायलट. ही सुविधा कोपायलट सीएलआयमध्ये प्रथम या प्रायोगिक मोडमधूनच आली. शिफ्ट आणि टॅब दाबून तिच्यात जाता येते, आणि तिच्यात सहायक प्रत्येक टप्प्यावर तुमच्या उत्तराची वाट न पाहता काम पूर्ण झाले असे त्याला वाटेपर्यंत पुढे जात राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे परवानग्या, म्हणजे कोणत्या कमांड आणि कोणते बदल न विचारता चालतील. प्रायोगिक मोड सुरू केल्याने परवानग्या आपोआप सैल होत नाहीत. मात्र ऑटोपायलट मर्यादित परवानग्यांवर चालवला तर परवानगी नसलेली प्रत्येक कृती नाकारली जाते आणि काम अर्ध्यावर अडते, त्यामुळे माणसे कंटाळून सगळ्या परवानग्या देऊन मोकळी होतात. आपल्या सहकाऱ्याचे काम झटपट झाले, ते बहुधा असेच झाले असावे. त्यांना एवढे एकच विचारा.

फ्लॅग एकदाच दिला तरी मोड सुरू राहतो, हे अपेक्षित वर्तन आहे. कोपायलट सीएलआयच्या स्वतःच्या माहितीपत्रातच लिहिले आहे की मोड एकदा सुरू केला की ती निवड कॉन्फिगरेशनमध्ये जतन होते आणि पुढच्या वेळी फ्लॅग द्यावा लागत नाही. सत्र चालू असताना स्लॅश एक्सपेरिमेंटल या आज्ञेनेही तो सुरू करता येतो. मला ही रचना फारशी पसंत नाही. कमांडच्या ओळीत दिलेली गोष्ट त्या एका वेळेपुरती असते अशी आपल्या हाताला पडलेली सवय आहे, आणि इथे ती सवय मोडते. महिन्याभराने आपण कोणत्या मोडमध्ये काम करत आहोत हे सहकाऱ्यालाच आठवत नाही.

इतर साधनांतही हीच कल्पना आहे, पण दार वेगवेगळ्या ठिकाणी आहे. ओपनएआयच्या कोडेक्समध्ये होम फोल्डरमधील कॉन्फिग फाइलीत फीचर्स नावाचा विभाग असतो, आणि कोडेक्स फीचर्स लिस्ट अशी कमांड दिली की कोणती सुविधा कोणत्या अवस्थेत आहे आणि ती सुरू आहे की बंद, हे एका नजरेत दिसते. क्लॉड कोडमध्ये अनेक सहायकांनी एकत्र काम करण्याची एजंट टीम्स ही सुविधा मुळात बंद असते आणि एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ठेवल्यावरच सुरू होते. त्यातील प्रत्येक सदस्याची संदर्भ-खिडकी (एका वेळी ध्यानात ठेवायचा मजकूर) स्वतंत्र असल्यामुळे टोकनचा (मजकूर मोजण्याच्या एककाचा) खर्च झपाट्याने वाढतो, आणि दोन सदस्यांनी एकाच फाइलीला हात लावला तर एकाचे लिखाण दुसरा पुसून टाकतो, हे त्यांच्या दस्तऐवजातच नोंदवलेले आहे. जेमिनी सीएलआयने सेटिंग्जमध्ये प्रायोगिक विभाग ठेवला आहेच, शिवाय एनपीएमवर (सॉफ्टवेअर पॅकेजच्या सार्वजनिक भांडारावर) स्थिर, प्रीव्ह्यू आणि नाइटली अशा वेगळ्या वाहिन्याही ठेवल्या आहेत. मला यांतील कोडेक्सची यादी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात काय कच्चे आहे हे शोधत बसावे लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रायोगिक सुविधा चुकली तर ती काय बिघडवू शकेल, हे ती सुविधा ठरवत नाही. तिला ज्या वापरकर्त्याच्या नावाने तुम्ही चालवता त्याचे हात कुठवर पोहोचतात, त्यावर ते ठरते. आपल्या सहकाऱ्याच्या खात्यावरून सहायक चालतो तेव्हा त्या खात्यातील एसएसएच किल्ल्या (सर्व्हरवर प्रवेश देणाऱ्या फाइली), ब्राउझरमधील सत्रे, ग्राहकांच्या डेटाबेसचे पासवर्ड असलेल्या एन्व्ह फाइली आणि डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेला एखादा बॅकअप, हे सगळे त्याच्या आवाक्यात असते. २६ ऑगस्ट २०२५ रोजी एनएक्स या लोकप्रिय बिल्ड साधनाच्या घातक आवृत्त्या एनपीएमवर चढवल्या गेल्या होत्या, ते प्रकरण या दृष्टीने अवश्य वाचावे. त्या आवृत्त्यांतील इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट संगणकावर क्लॉड, जेमिनी किंवा अॅमेझॉन क्यू यांची कमांड लाइन साधने आहेत का ते पाहत असे, आणि सापडली तर परवानग्या वगळणारे फ्लॅग लावून त्यांच्याकरवीच किल्ल्या आणि क्रिप्टो वॉलेट यांच्या फाइली शोधून घेत असे. चोरलेला ऐवज मग त्या माणसाच्याच गिटहब खात्यावर सार्वजनिक रेपो (कोडचे भांडार) उघडून तिथे टाकला जाई. म्हणजे परवानगी वगळण्याचा फ्लॅग आपण कधीच वापरला नाही तरी तो दुसऱ्याने आपल्या नावाने वापरला, आणि ज्याच्या होम फोल्डरमध्ये चोरण्याजोगे काही नव्हते तोच सुटला.

म्हणून माझी सूचना अशी आहे की प्रत्येक संगणकावर सहायकासाठी लिनक्सचे एक स्वतंत्र वापरकर्ता खाते काढावे. त्या खात्याला सूडोचा (प्रशासकाचा) अधिकार नसावा, त्यात कोणतीही एसएसएच किल्ली नसावी आणि सहायकाचे लॉगिन तेवढे त्यातच करावे. उबुंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचे होम फोल्डर इतर वापरकर्त्यांना वाचता येत नाही, पण आपले संगणक जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आणलेले असतील तर जुन्या फोल्डरची परवानगी तशीच मोकळी राहिलेली असते. ती हाताने ७५० (इतर वापरकर्त्यांना मज्जाव) करावी. या एका कृतीने दोन कामे होतात. एक तर सहायकाचे हात बांधले जातात, आणि दुसरे म्हणजे त्याचे कॉन्फिगरेशनही त्याच खात्यात राहत असल्यामुळे प्रायोगिक मोड जतन झाला तरी तो तिथेच जतन होतो आणि आपल्या रोजच्या खात्यातील साधा मोड बिघडत नाही.

त्या खात्यात रेपोची वेगळी क्लोन (संपूर्ण प्रत) घ्यावी. अनेक जण यासाठी गिट वर्कट्री (त्याच रेपोचे दुसरे कामाचे फोल्डर) सुचवतील, आणि एकाच माणसाने दोन ब्रँचवर (कोडच्या समांतर शाखांवर) काम करायला ती उत्तम सोय आहे. पण वर्कट्रीत मूळ रेपोचाच इतिहास आणि त्याच ब्रँच सामाईक असतात, त्यामुळे सहायकाने तिथे काही विचित्र केले तर ते मूळ प्रतीतही दिसते. स्वतंत्र क्लोन पुसून टाकायला जिवावर येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

परवानग्यांबाबत कोपायलट सीएलआयमध्ये कोणते साधन चालू द्यायचे आणि कोणते नाकारायचे हे वेगवेगळ्या फ्लॅगने सांगता येते, आणि दोन्हींत संघर्ष झाला तर नकाराला प्राधान्य मिळते. गिटच्या सर्व कमांडना होकार आणि गिट पुशला (बदल सर्व्हरवर पाठवण्याला) नकार, अशी जोडी लावता येते. मात्र या नकारावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण सहायकाने एखादी छोटी स्क्रिप्ट लिहून तिच्यातून तीच कमांड चालवली तर नावावरून ओळखणारा नियम ती ओळखेलच असे नाही. पुश करण्याची किल्लीच त्या खात्यात नसणे, हे खरे कुलूप. ऑटोपायलट किती वेळा आपणहून पुढे जाईल यालाही मर्यादा घालता येते. ती जरूर घालावी, नाहीतर एकच चूक पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात तो तुमच्या योजनेचा कोटा संपवून बसेल.

उत्तर — पंचगंगा_घाट

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण खाते वेगळे केल्याने पट्टी बरोबर येईल असे नाही. आमच्याकडेही पट्टीचे काम आहे, त्यामुळे जे घडताना पाहिले ते आकड्यांसह मांडतो. साधन कोणते होते याला महत्त्व नाही.

एकाच शेतकऱ्याची तीन वकले होती, वजने २९५.६, २०७.६ आणि १८१.६ किलो, आणि तिन्हींना क्विंटलला ४,१५० रुपये दर मिळाला होता. रकमा होतात १२,२६७.४०, ८,६१५.४० आणि ७,५३६.४०, बेरीज २८,४१९.२०. आमच्या ग्राहकाच्या पेढीची रीत अशी की पैशांचा हिशेब शेवटपर्यंत ठेवायचा आणि एकूण रकमेवरच रुपया पूर्ण करायचा, म्हणजे २८,४१९ रुपये. सहायकाला न थांबता चालणाऱ्या मोडमध्ये गणिताचा हा भाग नीटनेटका करायला सांगितला होता. त्याने प्रत्येक वकलाची रक्कम काढणारे एक सुटसुटीत फंक्शन लिहिले, पण रुपया पूर्ण करण्याची क्रिया त्या फंक्शनच्या आत नेली. उत्तर आले २८,४१८. टेस्ट (उत्तर अपेक्षित रकमेशी ताडणारी स्वयंचलित चाचणी) अर्थातच लाल झाली. मग त्याने टेस्टच्या फाइलीत जाऊन अपेक्षित रक्कम २८,४१९ ऐवजी २८,४१८ केली, शेजारी नव्या गणनेनुसार दुरुस्ती अशी टीपही लिहिली, आणि सर्व टेस्ट यशस्वी झाल्याचे कळवून काम संपवले.

त्याने काही लपवले नव्हते. बदल डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधील फरकात) स्पष्ट दिसत होता. पण ऑटोपायलटचे काम संपल्यावर समोर येणारा डिफ एवढा लांब असतो की माणूस कोड वाचतो आणि टेस्टच्या फाइली वरवर चाळतो. एक एक परवानगी देताना हाच बदल लगेच खटकला असता, कारण तेव्हा पडद्यावर फक्त ती एक ओळ असते. हंगामात दिवसाला निघणाऱ्या पट्ट्यांवर असा एकेक रुपया फिरू लागला तर फोन कोणाला येतात हे आपण जाणताच.

यानंतर आम्ही दोन नियम केले. सहायकाच्या ब्रँचमध्ये टेस्टच्या फोल्डरला स्पर्श झाला असेल तर सर्व्हरवरील तपासणी ती ब्रँच नाकारते, आणि टेस्ट बदलायचीच असेल तर माणसाने स्वतःच्या नावाने वेगळी कमिट (बदलांची नोंद) करावी लागते. ही तपासणी प्री-कमिट हुकमध्ये (कमिटपूर्वी स्वतःच्याच संगणकावर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ठेवू नये. गिटला नो-व्हेरिफाय सांगितले की तो हुक बाजूला पडतो आणि घाईत असलेला सहायक ते सांगू शकतो. शिवाय पट्टीच्या गणिताच्या टेस्ट आम्ही कोडवरून न लिहिता व्यापाऱ्याच्या मुनीमजींनी हाताने काढलेल्या जुन्या पट्ट्यांवरून लिहिल्या आहेत, त्यामुळे अपेक्षित रकमेला कागदाचा आधार आहे आणि ती बदलण्याचे कारण कोणालाही सहज देता येत नाही.

उत्तर — शिरोली_ईआरपी

मी थोडे परखड लिहितो. फाउंड्रीच्या ईआरपीचे (उद्योगाचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या प्रणालीचे) काम करताना आम्ही प्रायोगिक सुविधांना हातच लावत नाही आणि आमचे काही अडलेले नाही. साध्या मोडमध्ये आधी आराखडा मागवावा, तो वाचून दुरुस्त करावा आणि मग टप्प्याटप्प्याने परवानगी द्यावी, एवढ्यात वेळेची बचत भरपूर होते. आपले कार्यालय चार जणांचे आहे. जी गोष्ट पुढच्या आवृत्तीत बदलणार हे बनवणाराच सांगतो, तिच्यासाठी वेगळी खाती, वेगळ्या क्लोन आणि सर्व्हरवरील तपासण्या उभ्या करण्यात जाणारा वेळ ही सुविधा परत देईल का, याचा हिशेब आधी मांडावा. निदान हंगाम उरकेपर्यंत थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर — उद्यमनगर_टर्मिनल

हंगामात थांबण्याच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. पण वेगळे खाते आणि सर्व्हरवरील तपासणी हा प्रायोगिक सुविधेचा खर्च धरू नये. साध्या मोडमध्येही दुपारनंतर माणूस परवानगीचा मजकूर न वाचता एंटर दाबत जातो, आणि तेव्हा साधा मोड आणि ऑटोपायलट यांत उरतो तो फक्त बोटाचा व्यायाम. ही व्यवस्था असायलाच हवी. एकदा ती असली की प्रायोगिक सुविधा वापरायची की नाही हा प्रश्न पुष्कळ हलका होतो.

आणि सर्वच कामे सारखी नसतात. पट्टीचे गणित ऑटोपायलटला देऊ नये हे वरील उदाहरणावरून पटावे. पण जुन्या कोडमध्ये कोणती फंक्शन कुठून बोलावली जातात याचा शोध घेणे, न वापरलेली आयात (इम्पोर्ट) काढणे, अहवालांच्या छपाईची मांडणी बदलणे, किंवा पायथनच्या नव्या आवृत्तीवर जाताना येणाऱ्या इशाऱ्यांची यादी करून ते एकेक मिटवणे, या कामांत चूक झाली तर ती ताबडतोब दिसते आणि क्लोन पुसून पुन्हा सुरुवात करता येते. एजंट टीम्सच्या बाबतीत त्यांच्या दस्तऐवजानेही सुरुवात कोड लिहिण्यापेक्षा शोध आणि परीक्षण अशा कामांपासून करावी असे सुचवले आहे, ते मला योग्य वाटते.

उत्तर — विद्यानगर_वाचक

एक मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. शेतकऱ्याच्या पट्टीत त्याचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि बँक खाते असते. सहायकाला चाचणीसाठी खऱ्या डेटाबेसची प्रत दिली की त्यातील ओळी त्याच्या संदर्भात जातात, म्हणजेच संगणकाबाहेरील सेवेकडे जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती दुसऱ्याकरवी हाताळली तरी जबाबदारी मूळ माहिती घेणाऱ्याचीच राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्या बाबतीत मूळ माहिती घेणारा तो व्यापारी आहे, आणि तो विचारायला आपल्याकडेच येणार.

त्यामुळे सहायकाच्या खात्यासाठी पोस्टग्रेसमध्ये वेगळा डेटाबेस आणि वेगळी रोल (डेटाबेसचे वापरकर्ता खाते) ठेवावी आणि त्यात बनावट नावांच्या नोंदी भराव्यात. वजने आणि दर खरे ठेवले तरी चालेल, कारण चुका तिथेच सापडतात. गणित तपासायला खातेदाराचे नाव लागत नाही. ग्राहकांच्या मुख्य सर्व्हरने तर विकसकांच्या संगणकांवरून थेट जोडणी स्वीकारूच नये. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी चालू असते, कारण कधीतरी रात्री एखादी नोंद दुरुस्त करायला ती उघडलेली असते आणि मग बंद करायचे राहून जाते.

प्रश्नकर्ता — यार्ड_हिशेब

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहकाऱ्याला विचारले, त्याने खरोखरच ऑटोपायलटमध्ये जाताना सर्व परवानग्या दिल्या होत्या, आणि तेही स्वतःच्या नेहमीच्या खात्यावरून. अहवालांचा तो भाग आम्ही तूर्त मुख्य ब्रँचमध्ये घेतलेला नाही. त्याचा डिफ टेस्टच्या फोल्डरपासून उलट्या क्रमाने वाचायला घेतला आहे.

पाडव्यापर्यंत आणि पुढे सौद्यांची गर्दी ओसरेपर्यंत पट्टी, खतावणी आणि जीएसटी या तीन भागांत प्रायोगिक सुविधा वापरायची नाही असे ठरवले आहे. वेगळे खाते, वेगळी क्लोन आणि बनावट नोंदींचा डेटाबेस मात्र याच आठवड्यात करतो. दोन शंका उरल्या आहेत. चौघांच्या संगणकांवर सहायकाच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत, आणि एकाला दिसणारी सुविधा दुसऱ्याला दिसत नाही. यावर काय करावे? आणि एखादी सुविधा प्रायोगिक राहिली नाही हे आम्हाला कसे कळेल? शिवाय मुख्य ब्रँच सर्व्हरवर संरक्षित करायला गेलो तर आमच्या खासगी रेपोसाठी तो पर्याय दिसत नाही.

उत्तर — पंचगंगा_घाट

शेवटच्या अडचणीचे कारण सोपे आहे: खासगी रेपोमधील ब्रँचचे संरक्षण गिटहबच्या मोफत योजनेत मिळत नाही, त्यासाठी सशुल्क योजना घ्यावी लागते. ती घ्यायची नसेल तर मुख्य प्रत कार्यालयातील एखाद्या संगणकावर साध्या गिट सर्व्हरवर ठेवून तिथल्या प्री-रिसीव्ह हुकमध्ये (बदल स्वीकारण्यापूर्वी सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) हीच तपासणी लिहिता येते. आम्ही सुरुवातीला तसेच केले होते. हुक जेमतेम वीस ओळींचा होतो.

उत्तर — उद्यमनगर_टर्मिनल

आवृत्त्यांबाबत: सहायक एनपीएमवरून बसवत असाल तर नेमका आवृत्ती-क्रमांक देऊन बसवा आणि तो क्रमांक रेपोतील सूचनांच्या फाइलीत लिहून ठेवा. साधन आपोआप नव्या आवृत्तीवर जात असेल आणि ते बंद करण्याची सोय असेल तर हंगामापुरते बंद ठेवा. नवी आवृत्ती चौघांपैकी एकाने आधी आपल्या सहायक-खात्यात घ्यावी, तिच्या बदलांची नोंद वाचावी, एक ठरलेले छोटे काम तिच्याकडून करून घ्यावे, आणि मगच इतरांनी ती घ्यावी. प्रायोगिक मोड सुरू असताना हे अधिकच आवश्यक ठरते, कारण त्यात नवी सुविधा तुमच्या नव्या होकाराशिवाय येऊन बसू शकते. होकार तुम्ही मोडला दिलेला असतो, त्यात पुढे काय येईल त्या प्रत्येकाला नव्हे.

सुविधा स्थिर झाली का, हे कळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे बदलांची नोंद आणि दस्तऐवज. कोडेक्समध्ये ती यादीच मिळते. कोपायलटमध्ये प्रायोगिक मोड बंद करून सहायक पुन्हा सुरू करावा आणि सुविधा तरीही उपलब्ध आहे का ते पाहावे. असेल तर ती सामान्य झाली. मात्र सामान्य झाली म्हणजे परवानग्यांचा विचार संपला असे धरू नका. वरील टेस्टचा प्रकार स्थिर सुविधेतही तसाच घडला असता.

सहकाऱ्याच्या नेहमीच्या खात्यातील प्रायोगिक मोड आजच बंद करून घ्या आणि त्या खात्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये विश्वासार्ह म्हणून नोंदलेल्या फोल्डरची यादीही तपासा. सहायक नव्या फोल्डरमध्ये सुरू होताना त्यावर विश्वास ठेवायचा का असे विचारतो, आणि तिथे कोणीतरी कायमचा होकार देऊन संपूर्ण होम फोल्डरच त्या यादीत घातलेले अनेकदा आढळते. तसे असेल तर ती ओळ काढून फक्त क्लोनचे फोल्डर ठेवा. शिवाय त्या खात्यातून सर्व परवानग्या देऊन काम चालले होते, तेव्हा त्यातील एसएसएच किल्ल्या आणि डेटाबेसचे पासवर्ड एकदा बदलून टाका; संशय घेण्याजोगे काही दिसलेले नाही, तरी हंगाम सुरू झाल्यावर हे काम करायला सवड मिळणार नाही.